मापट्याने मोजलेला समुद्र

शहाद्यात समुद्र नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तर तो आमच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, तीन फुटी काचेच्या टाकीत मांडावा लागला.

हा उद्योग प्राजक्ताचा. प्राजक्ता म्हणजे आमची एकुलती एक लेक. सुरतेला नोकरीला लागली आणि पहिल्याच सुट्टीत ही टाकी घेऊन आली. सोबत पंप, निळे दिवे, पांढरी वाळू, भोकाभोकांचे दगड, समुद्री मिठाची बादली आणि नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. मोठी मादी लहान नराला दिवसभर कोपऱ्यात दाबून ठेवायची. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंगलने, तिचं नाव ठेवलं जिजी आणि त्याचं आबा. (कोणाकडे बघून ठेवलं, हे मी विचारलं नाही!)

"पप्पा, रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करीन. मासे दाखवायचे," प्राजक्ता म्हणाली.

आता बघा, त्याआधी हिचा फोन यायचा आठवड्यातून एकदा, तोही "कामात आहे, नंतर करते" एवढाच! टाकी आली आणि पोरगी रोज सातच्या ठोक्याला समोर. आधी मासे बघायची, मग म्हणायची, "पप्पा, जेवलात का?" खरं सांगतो, मला त्या माशांचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या कॉलचं पडलेलं होतं.

पाणी बदलायचं काम माझं. जारचं शुद्ध पाणी आणायचं, त्यात मोजून मीठ घालायचं. मिठासोबत मोजायला एक कप आला होता, पोरांच्या भातुकलीतला शोभेल असा. मी तो बाजूला फेकला. अहो, बस स्टँडजवळ माझं वीस वर्षांचं खताचं दुकान आहे, प्रकाशा रोडला चार एकर केळी आहे. मोजणं मला कोण शिकवणार? माझं स्वतःचं लाल प्लॅस्टिकचं मापटं आहे. केळीला ठिबकमधून जाणारं खत त्यानेच मोजतो, ते कायम स्कूटरच्या डिकीत असतं. आणि ते मी कधीही धुवत नाही! ओल्या मापट्याला खत चिकटतं आणि माप चुकतं. नुसतं झटकायचं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी हे सांगतो.

महिनाभर सगळं छान चाललं. मग एका सकाळी मंगल ओरडली, "माय वं! टाकीमा कोन्ही पान खाई थुकनं का?"

पाहतो तर काय! पांढऱ्या वाळूवर लालभडक डाग. बुळबुळीत. माझी नजर थेट शेजारच्या दगडू नानांकडे गेली. नाना म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. रोज आमचा पेपर वाचायला येतात, आणि तोंडात कायम पान!

"नाना, खरं सांगा!"

"मी? मी तुन्हा टाकीमा थुकसू?" नाना लालेलाल झाले. "एसटीमा तीस साल नोकरी करी, कोनाच्या अंगवर थेंब उडू दिधा नही मी!" आणि पेपर तिथेच टाकून निघून गेले.

दुपारपर्यंत तो डाग दुप्पट झाला. नाना त्यांच्या घरी गेलेले असतानाही! मी चमच्याने खरवडून काढला. सालपटासारखा अलगद निघाला, मला वाटलं संपलं. संध्याकाळी पुन्हा हजर, वर बारीक बुडबुडे सोडत. सातला फोन आला, तेव्हा मी मोबाइल असा धरला की फक्त जिजीचं तोंड दिसेल.

"पप्पा, जरा खाली करा ना फोन."

"नेटवर्क नाही!" म्हणालो आणि कट केला. पुढचे कॉलही असेच मारून नेले.

मग प्राजक्ताने जिथून टाकी घेतली, त्या सुरतेच्या मासेवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, ये सायनो है. शेवाळ दिखता है, पर बैक्टीरिया है. नया टँक है ना? कुछ ज्यादा जा रहा है अंदर. खाना कम करो, लाइट कम करो, पानी बदलो."

कुछ ज्यादा! मी गर्रकन मंगलकडे वळलो. "तू काय घालतेस यांना?"

"काहीच नही. येक पोयीना तुकडा. बिचारा मन्हाकडे देखी ऱ्हायनात, आनि मी जेवी लेऊ?"

"पोळी? समुद्रातल्या माशाला पोळी?"

"मंग काय बट्टी देऊ?"

मी घरात फर्मान काढलं. टाकीत कोणी काही टाकायचं नाही! मंगल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टाकीवर सोलापुरी चादर टाकून तीन दिवस अंधार केला. चादर काढली तेव्हा लाली जरा फिकट होती. आता एक शेवटचा घाव, म्हणून भरपूर पाणी बदललं. दोन दिवसांत दगडसुद्धा लाल!

मी पेटलो. पाणी बदललं की वाढतं, म्हणजे पाणीच खराब! जारवाल्याला भर गल्लीत झापला. तो म्हणाला, "काका, हेच पानी आख्खी गल्ली पेस, कोनाच्या पोटमा लाल व्हयनं का?" पुढचे जार दुसरीकडून आणले. आठवड्याला बदलत होतो, ते एक दिवसाआड बदलायला लागलो. मी जितकं बदलावं, तितकं ते जोमाने यावं! इतका जोम माझ्या केळीला कधी आला नाही. जिजी एका कोपऱ्यात जोराने श्वास घेत होती, आणि पहिल्यांदाच आबाला शेजारी उभं राहू देत होती.

शेवटी मंगलनेच लेकीला सगळं सांगितलं. लगेच फोन. "पप्पा, मी रविवारी येतेय. जमत नसेल तर टाकी सुरतेला घेऊन जाते. मासे मरायला नकोत."

टाकी जाणार! म्हणजे सात वाजताचा फोनही जाणार. मला रडूच यायचं बाकी होतं. (राग आला म्हणून हं!)

रविवारी प्राजक्ता आली. मी दारातच सुरू झालो. "जारवाला चोर, तुझी आई पोळ्या घालते, नाना कबूल करत नाहीत, आणि तुझा तो मासेवाला..."

"पप्पा, आधी पाणी बदलून दाखवा. नेहमी करता तसं."

दाखवायला काय भीती आहे? ऐटीत गेलो, डिकीतून मापटं काढलं, झटकलं, मिठाच्या बादलीत खुपसणार तोच...

"थांबा. हे काय?"

"माझं मापटं."

तिने बोट आतून फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. "आज सकाळी याने काय मोजलंत?"

"केळीचं खत. नत्र आणि स्फुरद."

"आणि काल?"

"काल टाकीचं मीठ."

"परवा?"

"परवा... पुन्हा खत." तेवढ्यात पेपरच्या ओढीने नाना दारात आले होते, तेही ऐकत होते!

"पप्पा," प्राजक्ता हळूच म्हणाली, "त्या सायनोला जगायला नत्र आणि स्फुरदच लागतं. तुम्ही पाणी बदलत नव्हता. तुम्ही डोस देत होता."

मंगल पदराआड हसत होती. नाना उघड हसत होते. "पान खाई कोन थुकनं रे मंग?" त्यांनी विचारलं. त्यांना दोन कप चहा आणि कायमचा पेपर द्यावा लागला. जारवाल्याकडे मी स्वतः गेलो. मंगलची माफी अजून हप्त्याहप्त्याने चालू आहे.

भातुकलीचा कप पुन्हा सापडला. तीन आठवड्यांत वाळू पांढरी झाली, आणि जिजीने आबाला पुन्हा कोपऱ्यात दाबलं. टाकी शहाद्यातच राहिली. पण प्राजक्ताने निकाल दिला होता, की मापटं या घरात राहणार नाही. जाताना तिने ते कागदात गुंडाळून सुरतेला नेलं.

आता रोज सातला फोन येतो. ती आधी मासे बघते, मग तिच्या खिडकीतलं माझं मापटं दाखवते. त्यात तिने तुळशीचं रोप लावलंय.

काल म्हणाली, "पप्पा, मी फक्त पाणी घालते हो. तरी बघा, कसं झाड झालंय!"

वीस वर्षांत माझ्या खताचा इतका चांगला रिझल्ट दुसऱ्या कोणालाच आलेला नाही!