केळीचा डाग

नव्वदनंतरच्या दहा-बारा वर्षांत वसई तालुक्यात ज्यांची लग्नं थाटात लागली, त्यांतल्या निम्म्यांचे संसार माझ्या बायकोच्या मामांनी केळीच्या खांबावर उभे केले, असं मी पैजेवर सांगेन. निर्मळला मामांची फुलांची वाडी होती. निशिगंध, लिली, ॲस्टर मामांनी लावायचं, मामींनी पहाटे खुडून जुड्या बांधायच्या आणि मामांनी ती फुलं लग्नमंडपात रचायची. फुलं खोचायला बाजारात हिरवा स्पंज मिळायला लागला होता, पण मामांना त्याचा भयंकर तिटकारा. ते स्वतःच्या वाडीतल्या केळीचा खांब तोडून आणत, त्याचे ठोकळे कापत आणि त्यांत फुलांचे देठ रोवत. ‘देठाला पानी लागतं, जावईबापू, स्पंजाला काय आई-बाप हायत?’ असं ते मला विचारायचे. खांब स्कूटरवर मागच्या सीटला बांधलेला असे आणि वळणावर मामा एका हाताने त्याला सांभाळत, इतकं जपून त्यांनी मामींनाही कधी नेलं नाही. आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा टीव्हीवर प्लॅस्टिकचे गुलाब होते. मामांनी हातातला पाण्याचा पेला शांतपणे त्या गुलाबांवर ओतला आणि म्हणाले, ‘बरेच दिस कोनी पानी घातलेलं दिसत नाय.’ टीव्ही वाचला, गुलाब त्याच दिवशी गेले.

केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग धोब्याच्या बापालाही निघत नाही. मामांच्या एकूण एक शर्टांवर असे तपकिरी डाग होते आणि ते त्यांची पदकं असल्यासारखे मिरवत. पण एकुलत्या एक मुलीला, नीताला, त्यांनी खांबाला कधी हात लावू दिला नाही. तिने बी.कॉम. व्हावं, स्वच्छ कपड्यांत ऑफिसला जावं, हा त्यांचा हट्ट. ती झालीही, आणि तिला नोकरीही लागली. तेव्हा एकदा मला हळूच म्हणाले, ‘पोरीच्या कपड्याला डाग नको. पन माझ्यामागं हे सगळं कोन बघनार?’ एवढं बोलून लगेच फुलांवर पाणी शिंपडायला उठले.

नीता कामावर रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात मामा स्कूटरवरून घसरले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी सांडोरला लग्न होतं आणि सगळं स्टेज मामांच्या अंगावर. सकाळी मी त्यांना माझ्या स्कूटरवरून मांडवात नेलं, तर नीता आधीच कोयता घेऊन खांबाचे ठोकळे करत बसलेली. मामा पुढच्या खुर्चीत बसून सूचना देऊ लागले, ‘तो निशिगंध वर घे, ते पान काढ.’ शेवटी नीता म्हणाली, ‘बाबा, जरा गप बसा ना!’ आणि मामा गप्प बसले. हा प्रसंग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसता तर त्यावर विश्वास ठेवला नसता.

स्टेज असं झालं की वऱ्हाडी अक्षता हातात धरून फुलांकडेच बघत राहिले. नवरीच्या वडिलांनी विचारलं, ‘हे स्टेज कोणी केलं?’ एरवी मामा मांडवाच्या खांबाला टेकून स्वतःच हात वर करत. त्या दिवशी प्लॅस्टरचा हात वर करायचा प्रयत्न करत ते मोठ्यांदा म्हणाले, ‘माझ्या पोरीनं!’ सकाळी पाण्यासारखा दिसणारा चीक दुपारपर्यंत नीताच्या नव्या पिवळ्या ड्रेसवर काळपट झाला होता. ‘चांगला ड्रेस घालवलास, आता हा डाग जानार नाय,’ मामा रागावले. पण रागावताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

नीता नोकरीवर गेलीच नाही. आता तिचं फुलांच्या सजावटीचं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत आणि घाईच्या ऑर्डरींना ती स्पंजही वापरते. मामांच्या वर्षश्राद्धाला मात्र तिने फोटोपुढे केळीच्या खांबातच निशिगंध रचला. खांब मी धरला होता. घरी येईपर्यंत माझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर डाग उठला. बायको म्हणते, भांडीवालीला देऊन टाक. मी तो इस्त्री करून कपाटात ठेवला आहे.