हिरवे डाग
ओल्या गवताचा वास आला की मला टांग्याचा घोडा आठवतो आणि माझं शहाणपणही. लग्न होऊन चौलात आले तेव्हा मी तेरा वर्षांची, म्हशींच्या घरातली. बंदरावरून बोटीची माणसं आणणाऱ्या त्या एका घोड्यावर सासरची चूल पेटायची, आणि त्याच्यापुढे रोज सुकं गवत! मला ती माणसं चिक्कू वाटली. एका सकाळी घोडा लोळू लागला, मान वळवून पोटाकडे बघू लागला. माझा संशय तडक शेजारच्या टांगेवाल्यावर. आदल्या दिवशीच तो “झकास हाय जनावर” म्हणाला होता. मी मीठमिरच्या ओवाळल्या. तो हिंग-ओव्याचं पाणी घेऊन धावत आला, तर मी सासूबाईंच्या कानाला लागले, “त्यात काय कालवलंय कोण जाणे!” तो मात्र दुपारपर्यंत घोड्याला वाळूवर फिरवत राहिला. शेवटी घोड्याने लीद टाकली, हिरवीगार. शेजारी चमकला. “सुक्यावरच्या घोड्याला एकदम भाराभर ओलं गवत कोणी घातलं? ह्यो काय रवंथ करणारा रेडा हाय?” मामंजींनी माझ्या पदराकडे पाहिलं. त्यातूनच मी आदल्या दिवशी वाडीतलं गवत आणलं होतं. हिरवे डाग तसेच होते. “सूनबाई, मिरच्या उरल्या असतील तर आता स्वतःवरून ओवाळा,” ते म्हणाले. आजही घरात काही बिघडलं की मी शेजाऱ्यांवर संशय घेतेच, फक्त आधी पदर धुऊन टाकते.