भाऊंचे खाकरणे

माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी मी थोरल्या भावाच्या चहात औषध घातले होते. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षे कुणालाही कळू दिली नाही. त्यांना इजा करण्याचा माझा हेतू नव्हता. पण हेतूच्या आडोशाला उभे राहू नये, एवढे पन्नाशी ओलांडल्यावर मला कळू लागले आहे.

भाऊ अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. हंगाम सुरू झाला की रुईची बारीक धूळ त्यांच्या भुवयांवरही बसे, आणि संध्याकाळी घरी परतताना आधी त्यांचे खाकरणे ऐकू येई, मग ते दिसत. बोलण्यात मात्र गावात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सोयरीक जुळवायची असली की लोक त्यांना मुद्दाम नेत. दोनदा खाकरायचे, ओट्याखाली जाऊन थुंकून यायचे, आणि मग असे काही बोलायचे की रुसून बसलेला मामाही हसत हसत पुढे सरके.

मी त्या वेळी अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. पँट नवी होती, आणि तिच्याबरोबर आलेली लाजही नवी होती. मुलीचे वडील शाळामास्तर. त्यांच्या बैठकीत पांढरीशुभ्र चादर अंथरलेली असे. त्या चादरीवर बसून भाऊ खाकरतील, या विचाराने माझे जेवणावरचे लक्ष उडाले होते. ओळखीच्या एका कंपाउंडरने नाक-घसा कोरडा करणारे थेंब दिले, आणि किती घालायचे तेही बजावून सांगितले. खात्री असावी म्हणून निघण्याआधीच्या चहात मी त्याहून बरेच जास्त घातले.

औषध गुणाला आले. भाऊ खाकरले नाहीत. बोललेही नाहीत. तोंडात लाळ उरली नव्हती, जीभ टाळूला चिकटली होती. शिवाय या औषधाने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, हे पुस्तकात वाचूनही मला वेळेवर आठवले नव्हते. मास्तरांनी लग्न कुठे करावे, असे अदबीने विचारले, तेव्हा भाऊ त्यांच्याकडे नुसते टक लावून पाहत राहिले. मास्तरांनी धोतराचा सोगा सावरला. एवढ्यात मुलीने पोह्यांची बशी आणून ठेवली. भाऊंनी एक घास घेतला, तो बराच वेळ तोंडात घोळवला, दोन गिलास पाणी प्यायले आणि बशी हळूच बाजूला सारली. मुलीच्या हातचे पोहे वरपक्षाच्या वडीलधाऱ्याने असे बाजूला सारले, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जीभ सुटल्यावर भाऊंनी होकार कळवला आणि लग्न झाले. परंतु थोरल्या दिरांना आपण पसंत नव्हतो, धाकट्या भावाच्या हट्टापायी ते कबूल झाले, हे माझ्या पत्नीच्या मनात जे बसले ते बसलेच. भाऊ आमच्याकडे आले की ती वांग्याच्या भरतापासून पाटोडीच्या रश्शापर्यंत सगळे प्रेमाने करी. पोहे तेवढे कधी करत नसे. "अमरावतीत पोहे मिळत नाईत काय रे?" असे भाऊ मला बाजूला घेऊन विचारत, आणि मी हसून वेळ मारून नेत असे.

खरे नुकसान भाऊंचे झाले होते. त्या दिवसापासून त्यांनी सोयरिकीला जाणे सोडले. घसा ऐनवेळी दगा देतो, म्हणत. लोकांनी काही दिवस आग्रह केला, मग बोलावणेही थांबले.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरच्या एका हिवाळ्यात भाऊ एस.टी.ने थेट कॉलेजात आले. त्यांच्या मुलीची बोलणी येत्या रविवारी मोर्शीला ठरली होती. आपल्याऐवजी मी बोलावे, एवढे सांगायला ते आले होते. मी हो म्हणालो. खोटे कशाला बोलू, मिळालेल्या मानाचे मला थोडे सुखही वाटले.

माझ्या टेबलावर प्रात्यक्षिकाची तयारी मांडलेली होती. खाटकाकडून सकाळीच आणलेली बकऱ्याची श्वासनळी उभी चिरून मिठाच्या कोमट पाण्याने ओली ठेवली होती, आणि आतल्या अस्तरावर कोळशाची चिमूटभर पूड टाकली होती. ते काळे कण कुणी हात न लावता घशाच्या दिशेने हळूहळू सरकत होते. भाऊ गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"हे कोन ढकलून राहिलं बा?"

मी त्यांना सांगितले की आपल्याही छातीत असेच चालते. हे अस्तर म्हणजे नळीला आतून दिलेला नुसता लेप नव्हे. त्यातल्या काही पेशी आणि खालच्या ग्रंथी चिकट द्रव सोडतात. शेजारच्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते हा द्रव अडकलेल्या धुळीसकट वर वल्हवत नेतात. धूळ किंवा धूर लागला की अस्तरालाच ते कळते आणि द्रव वाढतो. वर्षानुवर्षे धूळ लागत राहिली तर द्रव सोडणाऱ्या पेशी वाढतात, केसांची जागा घटते, आणि उरलेले काम माणसाला खाकरून करावे लागते.

भाऊ खूश झाले. "म्हंजे मी आतल्याईले हातभार लावून राहिलो. अन् तुही वहिनी मले गिरणीचा भोंगा म्हनते."

मग त्यांची नजर शेजारच्या बशीकडे गेली. तिच्यातला त्याच नळीचा तुकडा उन्हाने वाळला होता, आणि त्याच्यावरचा कोळसा जिथल्या तिथे पडून होता. भाऊंचे हसणे ओसरले.

"माह्या घशाचं असंच झालं होतं, तुह्या सोयरिकीत. काहून झालं, अजून समजलं नाई मले. पोरीच्या बोलणीत तसं झालं तं तिचं नुकसान होईन. म्हून तूच बोल."

उत्तर माझ्याजवळ होते. मज्जातंतू ग्रंथींना जो निरोप देतात, तोच ते औषध अडवते. अस्तर शाबूत असूनही कोरडे पडते. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होतो. भाऊंना मात्र एवढेच म्हणालो, की आधी घरी जाऊन जेवू.

जेवताना भाऊंनी पत्नीला रविवारचा बेत सांगितला. ती भाकरी वाढता वाढता थांबली.

"भाऊजी, मुलीच्या बापानंच बोलावं. वडील माणूस गप्प बसला की मुलीला काय वाटतं, ते मला विचारा."

"बाई, मी रुसलो नव्हतो. तोंडच उघडत नव्हतं."

"आणि पोहे?"

"घशाखाली गियल्याच जात नव्हते व माय."

तिने पटल्यासारखी मान हलवली, पण तिचा विश्वास बसलेला नव्हता. भाऊंनी घास ताटात तसाच ठेवला. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांच्या मध्ये मी बसलो होतो.

मी पत्नीकडे वळलो. "भाऊ खरं सांगतात. त्यांच्या चहात मी औषध घातलं होतं. तुझ्या वडिलांसमोर ते खाकरतील, याची मला लाज वाटत होती. इतकी वर्षं तुला जे वाटत राहिलं, ते माझ्यामुळं. मला माफ कर."

भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्याशी मला घरच्याच भाषेत बोलता आले.

"भाऊ, तुमचा घसा तवाही धड होता, आताही हाय. रविवारी तुमीच बोला. पयले मनसोक्त खाकरा, मंग बोला. मी मांगं बसतो. तुमची लाज वाटली मले, अन् तुमचं बोलणं मी हिरावलं. चुकलो मी, भाऊ. मले माफ करा."