पायवाट क्रमांक सातची मोजणी

एनिड ट्रॅस्क ऑल्डरकोटच्या गावकौन्सिलची एकतीस वर्षं क्लार्क होती. कौन्सिल म्हणजे महिन्यातून एकदा गावच्या हॉलमध्ये जमणारी सात माणसं. विषय ठरलेले: कुत्र्यांची घाण, बसथांब्याचं गळकं छप्पर, चर्चच्या वळणावरचे खड्डे, कुणाची झुडपं कुणाच्या अंगणात आली ते. माणसं तावातावानं भांडत आणि एनिड कोपऱ्यात बसून लिहून घेई. तिच्याकडे कुणी बघतही नसे. उंच, हडकुळी बाई. आईचं आजारपण काढता काढता पन्नाशी उलटली, लग्न राहूनच गेलं. पण तिच्या इतिवृत्तात एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे.

"जे झालं तेच मी लिहिते," ती म्हणायची. "मला काय वाटतं ते माझ्या घरी."

त्या वर्षी डेंझिल मेरिकचा अर्ज आला. मेरिक शहरातून आलेला, टेकडीखालचं शेत विकत घेतलेला माणूस. चर्चच्या मागून निघून त्याच्या शेतातून ओढ्याकडे उतरणारी पायवाट क्रमांक सात कुणी वापरत नाही, तेव्हा ती बंद करा, असं त्याचं म्हणणं. जिल्ह्याच्या कचेरीनं उलट टपाली कळवलं: चौदा दिवस मोजणी करा, किती माणसं चालतात ते सांगा.

"तूच बस, एनिड," अध्यक्ष आर्थर लव्हरिज म्हणाला. जन्मभर मेंढ्या पाळलेला हा म्हातारा तिच्याबरोबर शाळेत होता. "पण तीनच्या आत घरी ये बघ."

"का रे?"

"का म्हणजे? थंडी असते ना." एवढं बोलून तो टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

नोव्हेंबर होता. पहिल्या दिवशी एनिड घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन फाटकापाशी बसली. तीनपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी फाटकाचा आकडा उचलला गेला. वाऱ्यानं उघडावं असं ते फाटक नव्हतं. जाड ओकचं, आकडा हातानंच उचलावा लागे. आणि वारा तरी कुठे होता? गावातल्या धुराड्यांचा धूर सरळ वर चालला होता. फाटक एक माणूस जाईल एवढंच उघडलं, तितक्याच सावकाश मिटलं आणि आकडा पुन्हा खाली पडला. पलीकडचं गवत एकेका पावलागणिक दबत टेकडी उतरत गेलं.

एनिडनं त्या दिवशीचा रकाना कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मेरिकनं ट्रॅक्टर घालून सगळं शेत नांगरलं. वाटेचा मागमूस ठेवला नाही. चौथ्या दिवशी एनिड गेली तर ओल्या ढेकळांमधून फूटभर रुंदीची, घट्ट तुडवलेली वाट चर्चपासून ओढ्यापर्यंत गेली होती. त्यावर एकाही बुटाचा ठसा नव्हता.

सहाव्या दिवशी तिचे पाय अवघडले म्हणून तिनं ते पुढे लांबवले होते, अगदी वाटेवर. फाटक उघडलं. ओल्या लोकरीचा वास आला. काहीतरी जड उचलून चालणाऱ्या माणसासारखा धापा टाकल्याचा आवाज जवळ आला आणि तिच्यासमोर येऊन थांबला. थांबूनच राहिला. एनिडनं चटकन पाय मागे घेतले.

"सॉरी हं," सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

कुणीतरी सुस्कारा सोडला. मग आवाज पुढे सरकला.

त्या दिवशी घरी आल्यावर किटली ठेवताना झाकण दोनदा खाली पडलं. पण कागद समोर होता. 'चालणारे' या रकान्यात शून्य लिहिलं की वाट बंद. आणि वाट बंद झाली तर ते कुठून जाणार? ओढ्याकडे उतरणारा दुसरा रस्ता एकच, तिच्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून. ती बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली. पण लेखणी उचलली ती त्या भीतीनं नव्हे. जे झालं ते झालं होतं. तिनं लिहिलं, एक. मग मागच्या पाच दिवसांपुढेही एकेक लिहिला.

मोजणी संपल्यावरच्या बैठकीत मेरिक मोठ्यानं हसला. "रोज एक? कोण हा गृहस्थ? नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही," एनिड म्हणाली.

"बरं, दिसायला कसा आहे?"

"दिसत नाही."

नवीन सभासदांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. जुनी माणसं टेबलाकडे बघत बसली.

"उद्या मी स्वतः येतो, मिस ट्रॅस्क," मेरिक म्हणाला. "बघू या तुमचा एक!"

तो आला, कुत्र्याला घेऊन. तीन वाजून पाच मिनिटांनी कुत्रा पोटावर सरपटत वाटेवरून बाजूला झाला आणि कुंपणाला चिकटून पडला. मेरिक मात्र वाटेच्या मधोमध, हात खिशात घालून उभा. फाटक उघडलं.

"बाजूला व्हा, मिस्टर मेरिक."

"का म्हणून? माझी जमीन आहे."

"अहो, बाजूला व्हा!"

तो स्वतःहून झाला नाही. कुणी खांद्यानं हलकेच सारावं तसा तो दोन पावलं सरकला आणि कुंपणाकडेच्या गवतात बसला. त्याच्या कोटाचा डावा खांदा ओलाचिंब झाला होता. दिवसभर पावसाचा थेंब नव्हता.

सोमवारी अर्ज मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. पुढच्या नांगरटीत मेरिकनं वाटेसाठी रुंद पट्टा सोडला, कुणी न सांगता.

"आम्हाला माहीत होतं गं," एकदा आर्थर तिला म्हणाला. "माझ्या आजीलाही माहीत होतं."

"मग एकानंही तोंड उघडलं नाही? मला एकटीला बसवलंत तिथे?"

"बोललो असतो तर तू लिहून ठेवलं असतंस ना!"

त्याला वाटलं ती हसेल. ती पुढे त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

चार वर्षांनी ती निवृत्त झाली. नव्या क्लार्कला, फिलिपाला, तिनं कपाटाच्या किल्ल्या दिल्या, नकाशे दाखवले, कुठल्या तक्रारीला काय उत्तर द्यायचं ते सांगितलं.

"आणि सात नंबरची वाट कुणी मोजायला सांगितली, तर मोजणी एकपासून सुरू करायची."

फिलिपा हसली. एनिड हसली नाही, तेव्हा तिनं वही ओढली आणि ते लिहून घेतलं.