तुटलेला बोल्ट

चारकोपच्या गॅरेजात मिस्त्री माझ्या गाडीचा ब्रेक उघडताना गंजलेला बोल्ट आतच तुटला. दुसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांना घेऊन गावी निघायचं होतं. मी शहाणपणाने विचारलं, "उरलेल्या एका बोल्टवर भागेल ना?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "वहिनी आणि पोरं याच गाडीत बसणार ना, शेठ?"

त्याने तुटक्या टोकावर नट वेल्डिंग करून चिकटवला, पाना लावला आणि तुकडा अलगद फिरवत बाहेर काढला. तो तुकडा अख्ख्या गॅरेजला दाखवूनच त्याने नवा बोल्ट बसवला.

ट्रायलला मी गाडी चालवली. शेजारी तो डोळे मिटून बसला.

"झोप आली का?"

"ब्रेकची खात्री आहे, शेठ. तुमचं ड्रायव्हिंग बघवत नाही."

उतारावर मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. डोळे न उघडताच त्याने मिशीला पीळ दिला, आणि काही संबंध नसताना माझीही छाती फुगली.