नावापुढची खूण

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दोघी जावा एकाच टेबलाशी बसत. तिथला ईमेलचा प्रोग्राम जुना. चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. थोरलीनं तो स्वतःच्या हिकमतीनं शिकून घेतला, मग धाकटीला हात धरून शिकवला. आणि आता साहेबांची पत्रं यायची ती धाकटीला! थोरलीला ते खुपायचं.

त्या प्रोग्रामची रीत साधी होती. प्रत्येकाच्या नावाच्या पेटीत शेवटचं पत्र कधी पडलं आणि पेटी शेवटची कधी वाचली गेली, एवढंच तो ताडून बघायचा. पडणं वाचण्यानंतरचं असलं, तर पडद्यावर त्या नावापुढे नव्या पत्राची खूण. वाचलं कुणी, याची त्याला पंचाईत नसे. खूण नसली की पेटी कुणी उघडतही नसे.

सगळ्या पेट्यांची देखभाल थोरलीकडे. त्या दुपारी धाकटीच्या नावापुढे खूण उमटली आणि हिला राहवेना. प्रोग्रामला वळसा घालून तिनं पेटीची फाईलच उघडून वाचली. साहेबांनी लिहिलं होतं, ‘नव्या केंद्राची प्रमुख म्हणून तुमची निवड झाली आहे. संध्याकाळपर्यंत होकार कळवा. नाहीतर जागा तुमच्या जाऊबाईंना देऊ.’

तिनं पडद्याकडे पाहिलं. खूण गेली होती.

कचेरी सुटायच्या सुमारास धाकटी हात पुसत आली. “ताई, आलंय का हो काही माझं?”

“खूण दिसतेय का?”

“नाही.”

“मग मला काय विचारतेस? मी काय पोस्टमन आहे?”

“तसं नव्हे हो. जीव नुसता टांगणीला लागलाय.” धाकटी हसली. “जाऊ दे. नशिबात असेल तर खूणही येईल. घरी निघायचं?”

थोरलीनं मनाशी हिशेब केला. गप्प बसलं की जागा आपली. पण कशी? धाकटीनं ताटावरून उठायचं आणि आपण तिथं बसायचं? उष्टं खाण्याइतकी का आपण खाली आलो? ते काही तिला गिळवेना.

“थांब जरा,” ती म्हणाली, आणि धाकटीच्या नावे एक कोरं पत्र धाडलं. खूण पुन्हा उमटली.

धाकटीनं पेटी उघडली. “अगंबाई, दोन आहेत! एक तुमचं, कोरंच. आणि हे... ताई, मला घेतलं! पण हे तर दुपारचं आहे. खूण कशी नाही दिसली?”

“मी वाचलं म्हणून,” थोरली म्हणाली. “पाया नंतर पड. आधी होकार लिही. आणि शुद्ध लिही. शिकवलंय कुणी, ते साहेबाला कळू दे.”