हेडलाइटच्या जागेतून वारा

बोईसरच्या एमआयडीसीत माझं फायबरचं वर्कशॉप आहे. केमिकल कारखान्यांतली वाफ आणि धूर बाहेर काढणारे डक्ट आम्ही बनवतो. सांगलीकडून इथे आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या वर्षांत माझ्याकडे आलेलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या कारखान्याचंच होतं. म्हणून त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा पत्ता चुकला असेल असं मला वाटलं. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट.

“तुमीच डक्ट बनवता ना? मला दोन हवेत. तीन इंची.”

“कुठल्या कंपनीसाठी, काकी?”

“कंपनी नाय. गाडी हाय. ब्रेक गार ठेवायचे हायेत.”

त्या इथून जवळच्याच, समुद्रकाठच्या माहीम गावच्या. घरची नारळ-सुपारीची वाडी. त्यांच्या थोरल्या भावाने तरुणपणी स्वतःच्या हातांनी एक शर्यतीची गाडी बांधली होती. भाऊ चालवायचा आणि काकी घड्याळ घेऊन फेऱ्या मोजायच्या. तो गेल्यावर गाडी कित्येक वर्षं वाडीतल्या शेडमध्ये झाकून पडली होती. काकींनी ती पुन्हा उभी केली आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत स्वतःच चालवायला लागल्या. मागच्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला टेकलं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, गियर उतरवत उतरवत आणली आणि गवतात घातली. थांबली.”

“घाबरला असाल.”

“तेव्हा वेळ नव्हता. उतरून आदी पत्र्याला काय लागलं का ते बघितलं.”

झालेलं असं होतं. पुन्हापुन्हा जोरात ब्रेक लावला की चाकातली लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, प्रचंड तापते. ती उष्णता ब्रेकच्या तेलात शिरते, तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पायाखाली काही उरतच नाही. त्यावर उपाय एकच, चाकापाशी गार वारा पोचवायचा. एवढं मला ऐकून समजलं. पण गाडी पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही असं ठरवून मी रविवारी माझ्या कारागिराला घेऊन माहीमला गेलो. हा पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातला, फायबरमध्ये हात बसलेला माणूस.

काकींनी शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढली आणि आम्ही दोघं नकळत पुढे सरकलो. माझ्या कमरेइतकीही उंच नसलेली, लांबट, वर छप्पर नसलेली दोन माणसांची गाडी. चारही चाकांवरून ॲल्युमिनियमचा पत्रा पाण्यासारखा वाहत गेलेला. जवळ वाकून बघितलं तेव्हा त्या पत्र्यावर हातोडीचे बारीक ठोके दिसले, हजारो, एकाशेजारी एक. साचा नाही, मशीन नाही. मी आयुष्यभर वाकडे आकार काढत आलोय. त्या पत्र्यावरून हात फिरवताना मला माझं काम शाळकरी वाटलं.

“ये माताजी खुद चलाती हैं?” कारागिराने मला हळूच विचारलं. काकींनी ऐकलं आणि त्यालाच उत्तर दिलं, “हां भैया, और कौन चलाएगा?”

मी खाली आडवा होऊन सगळं पाहिलं. गाडीच्या नाकाखाली दोन भोकं पाडायची आणि तिथून नळ्या चाकांकडे न्यायच्या, असा सोपा मार्ग सुचवला. काकींनी मान हलवली.

“त्या पत्र्याला कापायचं नाय. बाकी तुमी काय पण करा.”

मग वारा आत घ्यायचा कुठून? यावर काकींनीच एक युक्ती काढली. भाऊ असं करायचा म्हणे. त्यांनी लोकरीचा गुंडा आणला, बोटभर लांबीचे धागे कापले आणि आम्ही तिघांनी ते गाडीच्या पुढच्या भागावर चिकटपट्टीने ओळीत लावले. शंभराच्या वर असतील. पुढच्या रविवारी टेम्पोतून गाडी बोईसरला आली. बंद पडलेल्या एका कारखान्याचं आवार माझ्या ओळखीतलं होतं. आत सरळ, रुंद काँक्रीटचा रस्ता होता आणि मालकाने परवानगी दिली होती.

काकी गाडी चालवत होत्या, कारागीर शेजारून मोटारसायकल हाकत होता आणि मी त्याच्या मागे बसून धाग्यांकडे बघत होतो. जे दिसलं ते मला अजून आठवतं. हवा हा माझा धंदा, पण मी ती कधी पाहिलेली नव्हती. पंखा लावायचा, काट्यावर वेग मोजायचा, एवढाच आमचा संबंध. इथे शंभर धागे एकदम जागे झाले. नाकाखाली, मी जिथे भोक पाडणार होतो तिथे, ते पत्र्याला घट्ट चिकटून मागे धावत होते. म्हणजे तिथला वारा थांबायला तयारच नव्हता, भोकात शिरला नसता. वर, मडगार्डच्या तोंडाशी मात्र धागे मधल्या एका बिंदूपासून चहूबाजूंनी फुलासारखे उघडले होते. वारा तिथे येऊन धडकत होता आणि वाट शोधत बाजूला सरत होता. त्या फुलाच्या बरोब्बर मध्यावर हेडलाइटची जागा होती. शर्यतीत दिवे लागत नाहीत म्हणून भावाने ते काढून त्या जागी गोल झाकणं बसवली होती. चार स्क्रू काढले की झाकण हातात येत होतं.

मी कारागिराला मोटारसायकल थांबवायला सांगितली. काकीही थांबल्या. मी झाकणाकडे बोट दाखवलं आणि धागे तिथून कसे उघडले ते सांगितलं.

त्या उतरल्या आणि झाकणाभोवतीचे, आता खाली पडलेले धागे बोटाने सारखे केले. मग म्हणाल्या, “पन्नास वर्षं बघतेय ही गाडी. आता रोज हितंच पुसते. कदी दिसलं नाय.”

त्या जागेचा साचा घेऊन आम्ही फायबरचे दोन कर्णे बनवले, पुढे रुंद, मागे तीन इंची. त्यांना उष्णता सोसणारा, तारेचा कणा असलेला सिलिकॉनचा होज, म्हणजे लवचीक नळी, जोडला. डिस्कच्या आतल्या बाजूला एक पातळ पत्रा बसवून होजचं तोंड मध्याशी, चाकाच्या बुंध्याजवळ आणलं, म्हणजे वारा तिथून बाहेर पसरत जाईल आणि डिस्क सगळीकडे सारखी गार होईल. पहिल्या जोडणीत मी चुकलो. काकी स्टिअरिंग पूर्ण वळवून बघत होत्या आणि मी खाली झोपून होतो, तेव्हा उजवा होज टायरला घासताना दिसला. तसाच ठेवला असता तर दोन फेऱ्यांत फाटला असता. मग तो वरून फिरवून दोन क्लॅम्पनी बांधला आणि काकींकडून स्टिअरिंग वीस वेळा वळवून घेतलं.

डक्ट बसवण्याआधी आम्ही ब्रेकवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवून एक चाचणी घेतली होती. या पट्टीवर पांढरे चौकोन असतात आणि उष्णता वाढेल तसे ते एकेक करून काळे होतात. सहा वेळा जोरात ब्रेक लावला तेवढ्यात सगळे चौकोन काळे झाले होते. आता नव्या पट्ट्या लावल्या. ब्रेक कुठे लावायचा त्याची खूण म्हणून मी रस्त्यावर चुन्याची एक रेघ मारली.

“बसा,” काकी शेजारच्या सीटकडे बघून म्हणाल्या.

मी बसलो. कमरेला पट्टा बांधला. इंजिन जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत असायचं त्याच जातीचं, पण आवाज ऐकून विश्वास बसला नसता. काँक्रीट माझ्या हातभर खालून पळायला लागलं. रेघ आली, गेली असंच मला वाटलं, आणि मग काकींनी पाय दाबला. माझं सगळं अंग पट्ट्यात गेलं. वळून पुन्हा. पुन्हा. बारा वेळा. दर वेळी त्याच रेघेवर, दर वेळी तेवढ्याच अंतरात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले, डोळे दूर कुठेतरी, हात अगदी हलके. सुईत दोरा ओवताना माणूस जसा शांत होतो, तशा त्या शांत होत्या. माझी भीती कधी गेली ते मला कळलं नाही.

गाडी थांबल्यावर कारागीर धावत आला आणि चाकापाशी गुडघे टेकून बसला. “दो सफेद बचे हैं,” तो म्हणाला. दुसऱ्या चाकाशीही तेच. काकींनी उतरून स्वतः वाकून बघितलं, मग पेडल हाताने दाबून बघितलं. कडक होतं.

मग त्या आमच्याकडे वळल्या. कारागिराच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याही ठेवला, आणि टेम्पोतून शहाळी काढली. ती तासायचा कोयताही त्यांनी घरून बरोबर आणला होता.

त्या हिवाळ्यात त्या पुन्हा दक्षिणेत गेल्या. रविवारी दुपारी फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

“सगळ्या फेऱ्या झाल्या,” त्या म्हणाल्या. “शेवटून दुसरी आले.”

“आणि ब्रेक?”

“पयल्या फेरीला होता तसाच शेवटच्या फेरीला. मी आज पयल्यांदा वळणाकडे बघून चालवली, पायाकडे नाय.”

मी वर्कशॉपमध्येच होतो. मी कारागिराला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना सांगितलं, “काकी, हे परत एकदा सांगा.”